बिनमहत्त्वाचे निरोप

हौशी रेडिओ चालवणाऱ्याने वही ठेवायची असते. तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, समोरच्याचा कॉलसाइन, झालंच तर एखादा शेरा. माझ्याकडे अशा सात वह्या आहेत. पाचव्या वहीत सप्टेंबर २००८ मधलं एक पान आहे, ते उघडलं की अजूनही कानशिलं तापतात. पानावर 'दाणोली' लिहिलंय, पुढे '११:५२' आणि त्यापुढे '६९'. या ६९ मधल्या सहावर काट मारून वर पाच केला आहे. काट वेगळ्या शाईची आहे, कारण ती चाळीस मिनिटांनी मारली. त्या चाळीस मिनिटांत एका बाईला तिचा नवरा घाटात पडल्याची बातमी पोचली होती, आणि नवरा माझ्यापासून वीस पावलांवर चहा पीत बसला होता.

ही गोष्ट मी बरीच वर्षं 'आकड्याची गंमत' म्हणून सांगत आले. पुढे हौशी रेडिओच्या इतिहासाचं थोडं वाचन झालं, तेव्हा लक्षात आलं की आमच्या या छंदाची सगळी शिस्त नेमकी हीच चूक टाळण्यासाठी शंभर वर्षं घडत आली होती. मला ती शिकवलेलीही होती. ऐन वेळी मी ती पाळली नाही, एवढंच.

आधी कायद्याबद्दल. १९९४ साली मी परवान्याच्या परीक्षेला बसले. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यायचा आणि द्यायचा, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, आणि १९७८ ची नियमावली. पदार्थविज्ञान शिकवून पोट भरत असल्याने इलेक्ट्रॉनिक्सची भीती नव्हती. नियम मात्र घोकावे लागले. त्यातल्या एका कलमावर मी अडखळले ती अडखळलेच. हौशी केंद्राने काय बोलावं? तर तांत्रिक प्रयोगांविषयी, आणि वैयक्तिक स्वरूपाचं असं काही, जे इतकं बिनमहत्त्वाचं असेल की त्यासाठी सार्वजनिक तार-दूरध्वनी सेवेकडे जाण्याचं कारण पडू नये. कलमाचा अर्थ हा असा. बोला, पण महत्त्वाचं बोलू नका. ही अट एकट्या भारताची नव्हती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांतही ती कित्येक दशकं होती, २००३ मध्ये ती भाषा बदलली.

अटीमागचं कारण सरळ आहे. तारखातं सरकारचं, त्याचं उत्पन्न सरकारचं. आज कुणी माडीवरून फुकटात निरोप धाडू लागला तर उद्या बाजारभाव धाडील. दुसरं कारण भीतीचं होतं, आणि आपल्याकडे तिला आधारही होता. भारतातल्या हौशी केंद्रांची सुरुवात साधारण १९२१ पासून, कोलकात्याच्या अमरेन्द्र चंद्र गुप्तूंपासून धरतात. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सगळे परवाने रद्द झाले, यंत्रं जमा करण्याचे हुकूम निघाले. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ उभा राहिलाच. उषा मेहतांचा आवाज सगळ्यांना माहीत आहे. ट्रान्समीटर उभारण्यात हात असलेले नरिमन प्रिंटर हे जुने हौशी परवानाधारक होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. पुढे पोलिसांना माहिती फुटली तीही त्यांच्याकडूनच, म्हणून त्यांचं नाव कुणी आवडीने घेत नाही. १२ नोव्हेंबरला धाड पडली. सुमारे तीन महिने एका हौशी माणसाच्या कसबाने देशातले सर्वांत महत्त्वाचे निरोप वाहिले होते. त्यानंतर कोणत्या सरकारला 'बिनमहत्त्वाचं' हा शब्द आवडणार नाही?

आता सायकल. हौशी रेडिओ आणि सायकल यांचा संबंध मला वाटत होता त्याहून जुना निघाला. तो एकाच माणसात सापडला.

हायरम पर्सी मॅक्झिम हा मशिनगनचा शोध लावणाऱ्या मॅक्झिमचा मुलगा. १८९२ साली हा तरुण इंजिनियर मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी नोकरीला होता. एका रात्री सेलमहून लिनला एकटाच सायकलवर परतत असताना त्याच्या मनात आलं की पायांऐवजी एखादं छोटं यंत्र पेडल मारील तर? (सेलमला तो एका तरुणीला भेटायला गेला होता, हे त्याने आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलंय.) त्या विचाराच्या मागे लागून त्याने एक जुनी तीनचाकी सायकल घेतली, तिच्यावर इंजिन चढवण्याचा खटाटोप केला, आणि १८९५ मध्ये हार्टफर्डला पोप कंपनीच्या मोटारविभागात रुजू झाला. पोप म्हणजे 'कोलंबिया' सायकलवाले. अमेरिकेत सायकल घरोघर नेण्यात आणि सायकलस्वारांच्या वतीने चांगल्या रस्त्यांची मागणी लावून धरण्यात या कंपनीच्या मालकाचा मोठा वाटा. सायकलस्वारांची संघटना, 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन', १८८० पासूनच काम करत होती. ज्या गावात सायकलींचा हा संसार होता त्याच गावात मॅक्झिमने १९१४ मध्ये रेडिओवाल्यांची 'लीग' काढली.

ती का काढली, याची गोष्ट आमच्या छंदात आजीच्या गोष्टीसारखी सांगितली जाते. मॅक्झिमला ऑडिऑन नावाची व्हॅक्यूम ट्यूब हवी होती. तेव्हा ती दुर्मिळ होती. स्प्रिंगफील्डच्या एका हौशी गृहस्थाकडे एक विकाऊ आहे असं कळलं. हार्टफर्डहून स्प्रिंगफील्ड काही फार लांब नाही, पण त्या रात्री मॅक्झिमचा सिग्नल तिथे पोचेना. मधे विंडसर लॉक्स गावी आणखी एक हौशी केंद्र होतं. त्याने निरोप घेतला आणि पुढे दिला. ट्यूबचा सौदा झाला असेल नसेल, मॅक्झिमच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला: सगळ्यांचे आवाज थोडे थोडेच जातात, पण मधला माणूस प्रामाणिक असेल तर निरोप कितीही लांब जाईल. म्हणून संघटनेच्या नावातच 'रिले' आला, 'अमेरिकन रेडिओ रिले लीग'. बंदुकीचा आवाज गिळणारा सायलेन्सरही याच मॅक्झिमचा. बापाने मशिनगन काढली, मुलाने बंदूक गप्प केली आणि माणसं बोलती केली, असं मला कधीकधी म्हणावंसं वाटतं. पण सायलेन्सरने पुढे काय काय केलं ते आठवून मी गप्प बसते.

रिलेतली गोम मॅक्झिमच्या मंडळींना लवकरच कळली. निरोप चार तोंडांतून गेला की तो पाचव्याच कुणाचा होतो. म्हणून लेखी निरोपाचा नमुना ठरला. त्यात क्रमांक, मूळ केंद्राचं नाव, वेळ, आणि 'चेक' म्हणजे मजकुरातल्या शब्दांची संख्या. घेणाऱ्याने शब्द मोजायचे, संख्या जुळली नाही तर पुन्हा मागायचे. मधल्या माणसाने निरोपाला हात लावायचा नाही. व्याकरण सुधारायचं नाही, अर्थ सांगायचा नाही, 'त्यांना असं म्हणायचंय' हे तर मुळीच नाही. वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकांना ही अट अनुवादकाच्या शपथेसारखी वाटेल. फरक एवढाच की इथे अनुवादालाही बंदी आहे, आणि मी घसरले ती तिथेच.

सायकलच्या सामुदायिक सहली आणि हौशी रेडिओ पुन्हा एकत्र आले ते खूप नंतर. अमेरिकेत १९७० च्या दशकात दोन मीटर बँडवरचे एफएम रिपीटर आणि हातात मावणारे संच सर्रास झाले. त्याच सुमारास शेकडो-हजारो साध्या माणसांनी मिळून लांब अंतर सायकलने जायचं, ही पद्धतही फोफावली. आयोवा राज्य आरपार ओलांडणारी 'रॅगब्राय' १९७३ ची. टेक्ससमधल्या विचिटा फॉल्सची 'हॉटर-एन-हेल हंड्रेड' १९८२ ची. गावाला शंभर वर्षं झाली म्हणून शंभर मैल, तेही ऑगस्टच्या शंभर अंश फॅरनहाइट उन्हात. अशा ठिकाणी पाण्याच्या थांब्यांवर हॅम मंडळी संच घेऊन बसतात, काही जण मदतीच्या गाड्यांमधून फिरतात, आणि सगळ्यांच्या वर एक जण 'नेट कंट्रोल'. तो म्हणेल तेव्हा बोलायचं. पैसे घ्यायचे नाहीत, कायदाच घेऊ देत नाही. आणि निरोप कसले? चौथ्या थांब्यावर बर्फ संपला. अमुक नंबरची ट्यूब फुटली. शेवटचा स्वार पुलावरून पुढे गेला. दिवसभर असल्या निरोपांची ने-आण करून संध्याकाळी माणूस घरी येतो तेव्हा त्याला आपण काय केलं हे बायकोला नीट सांगता येत नाही.

आमच्या बेळगावातही हे लोण आलं. मला नक्की साल आठवत नाही, पण २००८ पर्यंत आमची दोन-तीन राइडची सवय झाली होती. बेळगावहून निघायचं, चंदगडच्या बाजूने आंबोली, घाट उतरून दाणोली, सावंतवाडी. शंभरेक किलोमीटर. पाऊस सरत आलेला असतो, घाटात धुकं अजून मुक्कामाला असतं, आणि तेव्हा त्या उतारावर मोबाइलची रेघ एक वळण दिसायची, तीन वळणं गायब. स्वार नव्वदच्या आसपास. परवानग्या काढलेल्या, पोलिसांना कळवलेलं. रेडिओवाले आम्ही सात.

दोन मीटरच्या लहरी बऱ्याचशा नजरेसारख्या चालतात, डोंगर आडवा आला की संपल्या. पठारावर चंदगडच्या अलीकडे एका टेकाडावर नेट कंट्रोल. तिथे काका बसायचे. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, घरची भाषा कन्नड, मराठी कळे पण रेडिओवर इंग्रजी आणि कन्नडच बोलत. घाटाच्या पायथ्याला दाणोलीत एक पोरगा, मालवणी, परवाना मिळून चार महिने झालेले. या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, कारण मधे सह्याद्रीची कड. त्या कडेवर, आंबोलीला, मी. गाडीची बॅटरी, पंचवीस वॅटचा संच, आणि बांबूला बांधलेला, तांब्याच्या नळीचा घरगुती जे-पोल अँटेना. माझं काम एकच: खालचं वर सांगणं, वरचं खाली. माझं गाव हार्टफर्ड नव्हतं, स्प्रिंगफील्डही नव्हतं. मी विंडसर लॉक्स होते.

सकाळ मजेत गेली. ७३ नंबरचा स्वार वर आला तेव्हा आम्ही सगळे एकेक करून नेटवर येऊन गेलो. आमच्या सांकेतिक भाषेत ७३ म्हणजे 'शुभेच्छा', त्यामुळे त्या बिचाऱ्याला कारण न कळता सात ठिकाणी टाळ्या मिळाल्या. पावणेबाराच्या सुमारास धुकं दाटलं. ११:५२ ला दाणोलीचा पोरगा आला. आवाज चढलेला.

"ताई, एक जण पडलो हा. वळणार. एकोणसाठ. हात हलवना नाय. गाडी लावून सावंतवाडीक धाडतंव."

मी वहीत लिहिलं, आणि बटण दाबून काकांना इंग्रजीत सांगितलं, रायडर सिक्स्टी-नाइन.

मराठी माणसाला हे वाचताना चूक लगेच दिसणार नाही, तीच तर पंचाईत आहे. 'एकोणसाठ' यात साठ ऐकू येतं. एक उणे साठ, म्हणजे ५९. पण घाईत, दुसऱ्या भाषेत सांगताना, जीभ साठ धरून बसते आणि त्याला नऊ जोडते. कन्नडमध्ये ही अडचणच नाही. ५९ ला ते ऐवत्तोंबत्तु म्हणतात, पन्नास आणि नऊ. इंग्रजीतही तसंच. आपण मात्र एकोणवीसपासून पुढच्या दहाईला एक रुपया उधार मागत जातो, एकोणनव्वदपर्यंत. नव्याण्णवला तो रुपया फेडतो, 'एकोणशंभर' म्हणत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा गप्प होते. एकोणसाठ माझ्या आईच्या तोंडचं आहे, ते जावं असं मला वाटत नाही. आणि ते घाटात कसं दगा देतं हेही मला माहीत होतं.

या दग्यावरचा उपाय परीक्षेच्या आधीच शिकवला जातो. संख्या अंकाअंकाने सांगायची. पाच, नऊ. घेणाऱ्याने तशीच परत म्हणायची. पोराने ते केलं नाही, तो नवा होता. मी त्याला परत विचारायला हवं होतं, मी चौदा वर्षांची जुनी होते. मी मधली होते. मी निरोपाला हात लावला.

काकांनी त्यांच्या बाजूने नियम पाळला. "सिक्स, नाइन. कन्फर्म?" असं त्यांनी मला अंकाअंकाने विचारलं. मी वहीकडे बघितलं. वहीत ६९ होतं, मीच लिहिलेलं. मी कन्फर्म म्हटलं.

टेकाडावर काकांच्या शेजारी घरच्या मंडळींची मिनीबस उभी होती. ६९ ची बायको तिच्यात होती. काका तिला स्वतः सांगायला गेले. हे मला नंतर कळलं. ती रडली नाही, काका म्हणाले. तिने फक्त विचारलं, उजवा की डावा. तो तबला वाजवायचा.

तो प्रश्न काकांनी माझ्याकडे पाठवला, मी खाली पाठवला. दाणोलीत आता पोरगा नव्हता, तो जखमीबरोबर गाडीपर्यंत गेला होता. संच एकटाच. मी दर दोन मिनिटांनी हाक मारत राहिले. धुक्यातून स्वार एकेक वर येत होते, शिक्के मारून घेत होते, टपरीकडे वळत होते. नेटवर काकांनी शांतता पुकारली होती, बाकीचे पाच जण गप्प होते. अशी शांतता ज्याने ऐकलीय त्यालाच कळेल की तिला स्वतःचा एक खरखराट असतो.

बारा-एकतीसला एक गृहस्थ माझ्या ताडपत्रीखाली आले. अंगावर ओला पिवळा रेनकोट, हातात चहाचा काचेचा ग्लास.

"मॅडम, तुमच्याकडे पंप आहे का हो? मागचं चाक बसलंय. अर्धा तास झाला, चहाच पितोय."

मी पंप शोधायला वाकले. त्यांनी रेनकोट बाजूला केला आणि छातीवरचा नंबर दिसला.

मी त्यांना काय बोलले ते आठवत नाही. तुमचं नाव काय, असं काहीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी नाव सांगितलं आणि मी ते यादीत पाहिलं. मग मी त्यांना संच दाखवला, बटण कुठे दाबायचं ते दाखवलं. परवान्याशिवाय माणसाला माइक द्यावा की नाही यावर आमच्यात तासन्‌तास वाद होतात. मी त्या दिवशी तो वाद घातला नाही. मी शेजारी बसून होते, कॉलसाइन माझा होता.

ते म्हणाले, "अगं, मी आहे. चहा पितोय."

पलीकडून काकांचा आवाज नाही आला. तिचा आला. ती फक्त त्यांच्या घरातल्या नावाने हाक मारत होती, बटण सोडायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना बराच वेळ तिचा श्वास ऐकू येत राहिला. आजवर माझ्या संचावरून याहून बिनमहत्त्वाचा निरोप गेलेला नाही. कायद्याने बघायचं तर आमच्या त्या दिवसातला सर्वांत कायदेशीर.

आणि ५९? या गोंधळात त्याच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, ही माझ्या चुकीची दुसरी बाजू. ती मी गोष्ट सांगताना वगळत असे. त्याच मिनीबसमध्ये त्याचे वडील बसले होते. ६९ च्या बायकोला पाणी आणून देत होते, धीर देत होते. काकांना दुसऱ्यांदा बसची पायरी चढावी लागली. या वेळी तेवढ्याच माणसांसमोर.

मुलाचं खांद्याचं हाड मोडलं होतं. सावंतवाडीत पट्टी झाली, सहा आठवड्यांत बरा झाला.

पुढे मी २००१ च्या भूकंपातल्या भूजबद्दल वाचलं. २००४ च्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगभरच्या हौशी केंद्रांशी बोलायच्या मोहिमेवर होते, निव्वळ छंद म्हणून. त्सुनामीनंतर त्यांचाच संच बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला सांगत राहिला. अशा वेळी काय गेलं असेल त्या लहरींवरून? नावं, आकडे, 'बरा आहे' आणि 'पत्ता नाही'. मधे बसलेल्या कुणीतरी ते तसंच्या तसं पुढे दिलं असणार. मी ते वाचताना प्रत्येक नावाशी थांबायचे.

पुढच्या वर्षी राइड त्याच रस्त्याने झाली. काकांनी मला पुन्हा आंबोलीलाच बसवलं, न विचारता. पोरगा दाणोलीला होता. ती बाई या वेळी बसमध्ये न थांबता माझ्याबरोबर वर आली, नवऱ्याला १२ नंबर मिळाला होता. तिने दिवसभर माझ्या वहीशेजारी स्वतःची वेगळी वही ठेवली. खालून आकडा आला की मी म्हणायच्या आधी ती पुटपुटायची, चार सात, आठ शून्य, तीन एक. दुपारी तीनला शेवटची गाडी, जिला राइडवाले स्वीप म्हणतात, घाट उतरली. मी वेळ लिहिली. तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं, आपल्या वहीशी ताडून बघितलं, आणि मग पेनाला टोपण घातलं.